केसरु

आषाढ सरत आला होता. ह्यांची साखर तपासून घ्यायची होती म्हणून सकाळी आठलाच दवाखान्यात जाऊन बाक धरला होता. बेळगावच्या पावसाने सात-आठ दिवस उघडीप दिली नव्हती. भिंतीला टेकवलेल्या छत्र्यांखाली पाण्याची तळी झालेली, दारात गोणपाट अंथरलेलं, ओल्या कपड्यांचा आणि फिनाइलचा एकात एक मिसळलेला वास. ह्यांना आत बोलावलं आणि मी पिशवी मांडीवर घेऊन बसले, तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "टीचर, ओळखलासा काय?" वर बघितलं तर कडेवर तीनेक वर्षांचं पोर घेतलेली एक बाई. पोर खोकत होतं, आणि खोकल्यागणिक तिच्या खांद्यावर कपाळ आपटून घेत होतं. तिच्या चेहऱ्याच्या आधी मला तिचे गुण आठवले. कन्नड, 80 पैकी 78. त्या वर्षी आमच्या शाळेत कन्नडला सगळ्यांत जास्त तिलाच होते. नाव आठवायला मला आणखी दोन मिनिटं लागली.

तिच्याबरोबर तिची सासू होती. मार्कंडेय नदीच्या काठचं त्यांचं गाव. सासू गेली तीस वर्षं मेथी-कोथिंबिरीच्या पेंढ्या घेऊन पहाटेच्या गाडीने शहरात येते. शाळेची पायरी कधी चढलेली नाही, हे तिनेच मला सांगितलं. आमचं बोलणं चाललेलं असतानाच केसपेपरच्या खिडकीतून हाक आली. मुलगी उठून गेली. आतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "कूसिगे एन आगेती? एष्ट दिवसा आत?" पोराला काय झालंय, किती दिवस झाले, एवढंच. त्याच्या स्वरात राग नव्हता, तुसडेपणाही नव्हता. मागे शंभर माणसं उभी होती आणि तो घाईत होता. ती गप्प राहिली. त्याने पुन्हा विचारलं. तिने मागे वळून बघितलं, आणि तिची नजर सासूला शोधण्याआधी माझ्यावर येऊन थांबली. मी उठायच्या आत सासूने बसल्या जागेवरून आवाज दिला, "केम्म ऐत्रि! एंट दिवसा आत्रि!" खोकला आहे, आठ दिवस झाले. खिडकीतून कागद बाहेर आला.

ती परत येऊन बसली. तिला अवघडल्यासारखं झालं असावं, किंवा मला बरं वाटावं असं तिला वाटलं असावं. ती म्हणाली, "टीचर, तुमी शिकविलेलं मला अजून सगळं पाठ हाय बघा." आणि त्या बाकावर, पोराला थोपटत थोपटत, तिने म्हणीचा विस्तार म्हणायला सुरुवात केली. 'कै केसरादरे बायि मोसरु.' आधी म्हणींचं महत्त्व सांगणारी दोन वाक्यं, मग मूळ अर्थ, मग कष्टाचं महत्त्व, मग शेतकऱ्याचा दाखला, मग समारोप. बारा ओळी. एक शब्द चुकला नाही. कुठं थांबायचं, कुठं आवाज उतरवायचा तेही मी वर्गात करत असे तसंच. समोरच्या बाकावरचे दोघेतिघे बघायला लागले. खरं सांगते, पहिल्या चार ओळींना मला भरून आलं. सासू तोंडाला पदर लावून ऐकत होती. संपल्यावर तिने साध्या, खऱ्या नवलाने विचारलं, "एवढं फाडफाड येतंय की तुला. मग खिडकीत का गप्प ऱ्हायलीस गं?"

"ते बोलायचं नव्हं, आत्ती," ती म्हणाली. "ते लिवायचं हाय."

मी मराठी माध्यमाच्या शाळेत बावीस वर्षं कन्नड शिकवलं. त्या बारा ओळी माझ्या आहेत. मीच त्या रचल्या, सोप्या केल्या, जोडाक्षरं कमी असलेले शब्द निवडले, आणि फळ्यावर दोन पट्ट्यांत लिहिल्या: वर कन्नड लिपीत आणि खाली देवनागरीत. आमच्या भागातल्या कुठल्याही मराठी शाळेतल्या मुलाची जुनी कन्नडची वही उघडून बघा, ओळींच्या मधल्या पांढऱ्या जागेत पेन्सिलीने लिहिलेली देवनागरी सापडेल. मुलं खालची ओळ वाचून पाठ करतात, मग वरची ओळ दहा-दहा वेळा गिरवून हाताला वळण लावतात, आणि पेपरात पाठ केलेलं तोंडात घोळवत कन्नड अक्षरांत उतरवतात. अक्षरं त्यांना येत नाहीत असं नाही. खालच्या वर्गांपासून गिरवलेली असतात, बसवरची पाटी जुळवून जुळवून वाचतातही. पण वाचलेलं डोक्यात जाऊन उमटतं ते नुसता आवाज म्हणून. त्यात देवनागरीचीही एक अडचण आहे. कन्नडात एकार आणि ओकार ऱ्हस्वही आहेत, दीर्घही आहेत; आपल्या लिपीत एकच. 'बेळे' ऱ्हस्व म्हटलं तर शेतातलं पीक, लांबवून म्हटलं तर डाळ. खालच्या ओळीत दोन्ही सारखीच दिसतात. माझ्या मुलांनी किती वर्षं पिकाच्या जागी डाळ म्हटली असेल आणि डाळीच्या जागी पीक, मला मोजता येणार नाही, कारण मी ते कधी ऐकलंच नाही. मी वह्या तपासत होते. वहीत अक्षर बरोबर होतं.

आणि मी स्वतः कन्नड शिकले ती वहीतून नाही.

आमचं घर वडगावात. एका भिंतीला आमचा स्वयंपाक आणि पलीकडे मागाचा खड्डा. दिवसभर खटक-खटक चालायची, ती थांबली की आई म्हणायची, "जेवायला बसले वाटतं." ते घर कन्नड. त्या घरातल्या म्हातारीला सगळी गल्ली अव्वा म्हणायची. ती उंबऱ्याशी बसून कांड्या भरत असायची. आमच्याकडे दही बिघडलं की आई मला वाटी देऊन तिच्याकडे पिटाळायची. विरजणाला कन्नडात हेप्पु म्हणतात. मला पाच-सहा वर्षांच्या मुलीला तो शब्द काही केल्या आठवायचा नाही. अव्वाला वाटी बघून कळायचंच की काय हवंय, पण ती उठायची नाही. हातातली कांडी फिरवत माझ्याकडे बघत राहायची. मी 'मोसरु' म्हटलं तर मान हलवायची. ते दही झालं, दही नकोय ना तुला. मग ओठांचा चंबू करून 'हे...' एवढं सुरू करून द्यायची आणि पुन्हा थांबायची. मी "हेप्प कोड्री अव्वा" म्हटलं की उठायची, आणि विरजणाबरोबर माझ्या तळहातावर चमचाभर साईचं दही. परीक्षाच होती ती एका अर्थी, आणि ती रोज व्हायची. पण चुकलं म्हणून मी कधी रिकामी वाटी घेऊन परत आले नाही. मोसरु हा शब्द अजूनही म्हटला की मला आधी त्या दह्याची आंबटगोड चव येते, मग अक्षरं दिसतात.

1 नोव्हेंबर हा कर्नाटक राज्याचा स्थापनादिन; बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची फेरी मराठी माणसं त्याच दिवशी काढतात, आणि वडील दंडाला काळी फीत लावून त्या फेरीला जायचे. त्याच दिवशी पलीकडच्या घरातली मुलं राज्योत्सवाचा लाल-पिवळा झेंडा घेऊन चौकात जायची. संध्याकाळी वडील घरी आले की काळी फीत काढून खुंटीला अडकवायचे, आणि अव्वाने पाठवलेला दहीभात जेवायचे. त्यांच्या मनात त्या दोन गोष्टी कशा एकत्र नांदत होत्या हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मला मात्र शिक्षिका झाल्यावर त्याची उत्तरं द्यावी लागली. पालक यायचे आणि म्हणायचे, "टीचर, कन्नडात पोरगं पास झालं की पुरे, जास्त नको." त्या म्हणण्यात आळस नव्हता. ज्यांच्या घरात उताऱ्यापासून नोटिशीपर्यंत सगळा कागद न वाचता येणाऱ्या लिपीत येतो, त्यांना त्या भाषेचा धाक असतो आणि त्या धाकाचा रागही असतो. आपल्या भाषेत कागद मिळावा ही मागणी मला आजही रास्तच वाटते. पण तोवर त्या खिडकीशी उभं राहायचं असतं. ते बळ माझ्या तासाने द्यायला हवं होतं, आणि मी दिली ती म्हण.

का दिली, तेही सांगायला हवं. दहावीचा लेखी पेपर 80 गुणांचा असायचा. त्यात 28 पडले नाहीत तर पोरगं नापास व्हायचं. वर शाळेच्या हातातले 20, त्यातले 19 मी सगळ्यांना द्यायची. ऐकणं-बोलणं बघायला जागा होती ती तिथेच, त्या विसांत. आणि तिथंच मी डोळे झाकून एकच आकडा वरपासून खालपर्यंत लिहीत गेले. जानेवारी लागला की आमच्याकडे पासिंग पॅकेज हा शब्द सुरू होतो. दोन म्हणी, एक रजेचा अर्ज, एक निबंध, पाठांतराची एक कविता, नेहमी येणारे एका वाक्याचे प्रश्न. हे एवढं घोटून घेतलं की अठ्ठावीसला मरण नाही. बाहेरून बघणाऱ्याला हे वाईट दिसतं. मी आतून बघितलंय. आमच्या भागात दहावीत एका विषयात अडकलेल्या मुलीचं पुढच्या मे महिन्यात लग्न ठरतं. अडकलेला मुलगा उद्यमबागच्या एखाद्या वर्कशॉपात लागतो, तो पुन्हा परीक्षेला बसायचं म्हणतो आणि बसत नाही. त्या अठ्ठावीस गुणांवर कित्येक मुली पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला गेल्या, काही नर्सिंगला गेल्या. त्या मला वाटेत भेटतात आणि पाया पडतात. त्यांच्यापुढं उभं राहून मी 'मी तुम्हाला काही शिकवलं नाही' असं म्हणू शकत नाही. तसं ते खरंही नाही. मी त्यांना एक दार उघडून दिलं. पण दार उघडून दिलं म्हणजे भाषा दिली, असं मी माझ्या मनाशी बावीस वर्षं धरून चालले होते. निकालाची सभा व्हायची, कन्नडचा निकाल शंभर टक्के म्हणून शाल यायची, नारळ यायचा. घरी येऊन मी शाल कपाटात ठेवायची. अकरा आहेत.

एक वर्ष मी वेगळं करून बघितलं होतं. आठवड्यातून एक तास वही बंद, नुसतं बोलायचं. आठवीचा वर्ग. पहिले दोन आठवडे कुणी तोंड उघडेना. तिसऱ्या आठवड्यात मी पुस्तकातलं कन्नड बाजूला ठेवलं आणि वडगावच्या गल्लीतलं काढलं. पुस्तकात असतं 'एनु माडुत्तिद्दीया', तू काय करतो आहेस. आमच्याकडे बाजारात, बसमध्ये, मागावर कुणी असं बोलत नाही. 'एन माडाकत्ती' म्हणतात. मी तेवढं म्हटलं आणि मागच्या बाकावरची एक मुलगी एकदम म्हणाली, "टीचर, हे आमच्यागतच हाय की! काय करायलास!" मी खडू हातात धरून उभीच राहिले. आमच्या मराठीत 'करायला लागलास'चं 'करायलास' झालं. त्यांच्या कन्नडात 'माडाक हत्ती'चं 'माडाकत्ती' झालं, आणि तिथला हत्तु म्हणजे लागणंच. पुण्याकडचा माणूस म्हणेल 'काय करतोयस'; बेळगावचा म्हणतो 'काय करायलास', कारण शेजारी पिढ्यान्‌पिढ्या 'माडाकत्ती' चाललेलं त्याने ऐकलंय. हे मला बी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं, कुठल्या प्रशिक्षणात आलं नव्हतं. आठवीतल्या त्या मुलीला ते कानाने कळलं. उरलेला तास वर्ग नुसता पेटला होता. जेवायलास म्हणजे उण्णाकत्ती. बसायलास म्हणजे कुंद्राकत्ती. एकेक जण घरातलं, शेतातलं, दुकानातलं क्रियापद आणत होता आणि दुसरा त्याचं कन्नड सांगत होता. मला वाटत होतं ह्यांना कन्नड येत नाही. कुणाची आजी कन्नड गावातली निघाली, कुणी रविवारी बापाबरोबर मार्केट यार्डात रताळ्याची पोती मोजायला जात होता, कुणाच्या आईची मैत्रीण कन्नड होती. भाषा वर्गात येऊन बसलेलीच होती, हात वर करायची तेवढी तिची हिंमत नव्हती.

त्याच मुलीचं पुढच्याच आठवड्यातलं मराठीचं उत्तर मी तपासलं तेव्हा 'जायलो होतो'खाली लाल रेघ मारली. तेव्हा मला काही वाटलं नाही.

तो तास मी सहा आठवडे चालवला. मग चाचणी आली. चाचणीत त्यातलं काही विचारलेलं नव्हतं, विचारता येण्यासारखंही नव्हतं, कारण पुस्तकी रूपच बरोबर धरायचं असतं. 'माडाकत्ती' लिहिलेल्या दोघांचे गुण मीच कापले. मुख्याध्यापकांनी मला तास बंद करा असं कधीच म्हटलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "पाठ किती झाले?" मी दोन पाठ मागे होते. त्या शुक्रवारी मी फळ्यावर पुन्हा दोन पट्ट्या आखल्या. मुलांनी काही विचारलं नाही, निमूट वह्या काढल्या. मागच्या बाकावरच्या त्या मुलीने देवनागरीची ओळ माझ्याआधी लिहून काढली, तिला आता ऐकून लिहिता येत होतं.

मी 2023 ला निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी दहावीच्या परीक्षेच्या खोल्यांत कॅमेरे लावून थेट प्रक्षेपण सुरू झालं, आणि ग्रेस गुणांची मर्यादा वाढवूनही राज्याचा निकाल 83.89 टक्क्यांवरून 73.40 वर आला. माझ्याबरोबर काम केलेल्या एका बाईंचा त्या संध्याकाळी फोन आला, त्या रडत होत्या. बाहेर लोक म्हणत होते की आता खरं काय ते कळलं. मला तसं वाटलं नाही. कॅमेऱ्याने कॉपी अडली असेल, अडायलाच हवी होती. पण पाठ केलेल्या बारा ओळी कॅमेऱ्यापुढंही बाराच राहतात. माझी ती मुलगी त्या कॅमेऱ्याखाली बसली असती तरी तिला 78 च मिळाले असते, आणि त्या खिडकीशी ती तशीच गप्प उभी राहिली असती.

दवाखान्यातून परतताना बसमध्ये ह्यांनी विचारलं, "एवढी गप्प का?" मी काही बोलले नाही. खिडकीबाहेर दोन्ही बाजूंना लावणी चालली होती. इरली गेली आता, निळी प्लास्टिकं पांघरून ओळीने वाकलेल्या बायका, बांधावर रोपांच्या मुठी, ट्रॅक्टरच्या चाकांनी घोटलेलं पाणी. आणि मला तो मुलगा आठवला.

तेही जुलैचेच दिवस होते. लावणीच्या हंगामात निम्मा वर्ग रिकामा असतो. जी येतात ती उशिरा येतात. मी नववीला तीच म्हण फळ्यावर लिहून देत होते. तो दारात येऊन उभा राहिला, मी मानेनेच आत ये म्हटलं. दुसऱ्या बाकावर बसला, वही काढली, वरची ओळ उतरवली, खालची उतरवली. मग हात वर केला. "टीचर, केसरु म्हणजे काय?" मला आठवतंय, तास संपायला सात-आठ मिनिटं होती आणि फळ्यावर अजून पाच ओळी जायच्या होत्या. मी पाठ न वळवता म्हणाले, "शब्दाचा अर्थ परीक्षेला येत नाही. विस्तार येतो. लिही." त्याने लिहिलं. पुन्हा त्याने कधी काही विचारल्याचं मला आठवत नाही. तो पास झाला. नंतर कुठं गेला मला माहीत नाही.

केसरु म्हणजे चिखल. हात चिखलात भरले तर तोंडाला दही. त्या दिवशी तो पहाटेपासून शेतात होता आणि तसाच शाळेत आला होता; अर्ध्या चड्डीखाली दोन्ही पायांवर, पार गुडघ्यापर्यंत, केसरु वाळून पांढरा पडला होता. मी वळले तेव्हा तो एका हाताने लिहीत होता आणि दुसऱ्या हाताच्या नखाने ती खपली खरवडून बाकाखाली पाडत होता.